शांतता फुकट मिळत नाही

अर्थसंकल्प सादर झाला की संरक्षणावरील तरतुदीची चर्चा होते. पोलीस दलावर किती खर्च झाला, हेही विधिमंडळात विचारले जाते. परंतु ज्या दिवशी दुकाने वेळेवर उघडली, कारखान्यांच्या तिन्ही पाळ्या पूर्ण झाल्या आणि हातगाडीवाला सायंकाळी चार पैसे घेऊन घरी परतला, त्या दिवसाची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. शांतता हे समाजाचे भांडवल आहे. पण ते गमावल्यानंतरच त्याची किंमत कळते. छत्रपती संभाजीनगराने ही किंमत अनेकदा मोजली आहे. म्हणूनच या विषयाचा विचार याच नगराच्या अनुभवावरून करणे उचित ठरेल.

संघर्षाचे अर्थशास्त्र हा काही पाश्चात्त्यांनी लावलेला शोध नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात स्पष्ट सांगून ठेवले आहे, की संधी आणि विग्रह या दोन्ही मार्गांनी सारखाच लाभ होणार असेल, तर राजाने संधीच पत्करावा; कारण विग्रहात मनुष्यहानी होते, द्रव्य खर्च होते, स्थान सोडावे लागते आणि नाना विघ्ने उभी राहतात. हे सांगणारा कौटिल्य दुबळा नव्हता. तो दंडशक्तीचा पुरस्कर्ता होता. पण दंडाची किंमत जाणणारा होता.

दोन सत्तांचे दोन हिशेब

हीच जाणीव शिवछत्रपतींच्या १६७४ सालच्या, चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना धाडलेल्या पत्रात दिसते. पावसाळाभर पुरेल अशा बेताने दाणा-वैरण वापरा. ती आधीच संपली तर सैनिक कुणब्यांच्या घरात शिरतील, कोणी दाणे, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी ओढून आणतील आणि रयतेला मोगल परवडले असे वाटेल, असा त्या पत्राचा आशय आहे. हवे ते बाजारातून पैसे देऊन घ्यावे, अशी आज्ञा आहे. दिव्याची पेटती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इतकी बारीक दक्षताही आहे. राज्याभिषेकाची तयारी चालू असताना या राजाला कुणब्याच्या भाजीची चिंता होती. ज्या रयतेच्या बळावर राज्य उभे आहे, तिलाच आपल्या फौजेने लुटले तर विजयाला अर्थ उरत नाही, हे ते अर्थशास्त्र होते.

याउलट हिशेब औरंगजेबाचा. १६८१ मध्ये तो दक्षिणेत उतरला. ज्या नगराला त्याने स्वतःचे नाव दिले होते, तेथेही त्याने तळ दिला. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा ही दोन संपन्न राज्ये त्याने गिळली. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची क्रूर हत्या केली. युद्ध संपले, असे त्यास वाटले. प्रत्यक्षात ते आणखी अठरा वर्षे चालले. बादशाही छावणी हे एक चालते शहरच होते. त्याच्या दाण्यागोट्याचा, हत्ती-तोफांचा भार आधीच दुष्काळाने गांजलेल्या मुलखावर पडत होता. फौजेचे पगार थकले, सरदारांना द्यायला जहागिरी उरल्या नाहीत. मराठ्यांची हलकी घोडदळे मात्र थोड्या खर्चात त्या बोजड यंत्रणेची रसद तोडत होती. अखेरच्या वर्षांत विशाळगड, सिंहगड असे किल्ले बादशहाला पैसे मोजून ताब्यात घ्यावे लागले. लढून जिंकला तो एक तोरणा. विकत घेतलेले किल्ले मराठ्यांनी पुन्हा जिंकले. १७०७ मध्ये बादशहा अहिल्यानगरजवळ मरण पावला, तेव्हा त्याच्या मागे मोडकळीस आलेले साम्राज्य होते. शस्त्रबळ त्याच्याकडे अधिक होते. पण हिशेब चुकलेला होता.

९ ऑगस्ट : एकच तारीख, दोन चित्रे

इतिहासाचा हा धडा आजच्या लोकजीवनालाही लागू पडतो, कारण आज छावण्या नसल्या तरी जमाव आहेत. ९ ऑगस्ट २०१६ रोजी याच नगरातून मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. लक्षावधी लोक रस्त्यावर उतरले, भगिनी अग्रभागी होत्या, घोषणा नव्हती आणि कोणाच्या दुकानाची काचही फुटली नाही. त्या शिस्तीपुढे शासन झुकले आणि साऱ्या देशाने कौतुक केले. बरोबर दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट २०१८ रोजी, महाराष्ट्र बंदच्या दिवशी याच नगराच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत जमाव कारखान्यांत घुसला. काचा फुटल्या, वाहने जळाली. आंदोलनाच्या संयोजकांनी या तोडफोडीशी आपला संबंध नाकारला. उद्योजकांच्या संघटनांनी संरक्षणाची मागणी केली.

मागणी योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो हानी कोणाची झाली, हा. वाळूज म्हणजे काय? १९८५ साली बजाजचा कारखाना तेथे सुरू झाला आणि त्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांचे जाळे विणले गेले. पैठण, गंगापूर, वैजापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा याच वसाहतीत यंत्रावर उभा राहतो आणि दुष्काळाच्या वर्षी घरी मनीऑर्डर जाते. ज्या तरुणांच्या नोकरीसाठी आंदोलन होते, त्यांच्याच नोकरीच्या दारावर दगड पडले.

मोठा कारखाना विमा उतरवतो. दंगलीतील तोडफोडीची भरपाई त्याला कदाचित मिळेलही. परंतु बुडालेल्या उत्पादनासाठी वेगळा विमा लागतो आणि तो लहान उद्योजकाकडे सहसा नसतो. मोठ्या उद्योगाला सुटे भाग ठरल्या वेळी हवे असतात. ते पोहोचले नाहीत तर पुढची मागणी दुसऱ्या गावच्या पुरवठादाराकडे जाते. कंत्राटी कामगाराची त्या दिवसाची मजुरी तर कायमचीच बुडते.

त्याच वर्षी ११ आणि १२ मे रोजी मोती कारंजा, शहागंज, राजाबाजार भागात दंगल उसळली. निमित्त ठरले ते अनधिकृत नळजोडण्या तोडण्याच्या वादाचे. दोघांचा जीव गेला. दुकाने आणि वाहने जळाली. मार्च २०२३ मध्ये रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात राममंदिराच्या परिसरात जमावाने पोलिसांवर हल्ला करून त्यांची वाहने पेटविली. अशा प्रत्येक घटनेनंतर वेरूळ-अजिंठ्याचा प्रवासी आपला बेत बदलतो. हॉटेलची खोली रिकामी राहते, रिक्षावाला आणि वाटाड्या रिकाम्या हाताने बसतात. दंगलखोराने लावलेला हा कर गरीबच भरतो. मग त्याचा धर्म वा जात कोणतीही असो.

न घडलेल्या घटनेची किंमत

म्हणून सुरक्षेवरील खर्चाला अनुत्पादक म्हणणाऱ्यांचे मत तपासून पाहिले पाहिजे. मे २००६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने याच परिसरात वाहनांचा पाठलाग करून शस्त्रसाठा पकडला. पहिल्याच जप्तीत ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे सापडली. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले. तो साठा फुटला असता तर किती घरे उद्ध्वस्त झाली असती? जे घडले नाही, त्याचा आकडा कोणीही मांडू शकत नाही. पथकाच्या इंधनाचा आणि पगाराचा खर्च मात्र मांडता येतो. सुरक्षेची किंमत दिसते आणि तिचा लाभ अदृश्य राहतो, म्हणूनच तिच्यावर काटकसर करण्याचा मोह होतो.

तथापि, केवळ पोलीस वाढवूनही भागणार नाही. ज्या समाजाला प्रत्येक उत्सवाला बंदोबस्त लागतो, तो समाज शाळा आणि पाणी यांचा पैसा पहाऱ्यावर घालतो. कायदा आहे, सार्वजनिक मालमत्तेच्या हानीविरोधात १९८४ चा केंद्रीय अधिनियम आहे आणि हानीची वसुली दोषींकडून व संयोजकांकडून करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने तर २००३ च्या मुंबई बंदबद्दल शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांना २००४ मध्ये प्रत्येकी २० लाख रुपये भरावयास लावले. तो बंद घाटकोपरच्या बॉम्बस्फोटाच्या निषेधार्थ होता. लोकांचा संताप खरा होता. तरीही न्यायालयाने केले ते बरोबरच होते. बॉम्ब कोणी ठेवला आणि रोजी कोणाची बुडाली? हा प्रश्न आपल्याला जवळच्या वाटणाऱ्यांनाही विचारला गेला पाहिजे. किंबहुना त्यांनाच आधी.

आज शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी उभी राहत आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने या नगरात सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. अशी गुंतवणूक रस्ते, वीज आणि पाणी पाहून येते. टिकते मात्र समाजाची शिस्त पाहून. मराठवाड्याच्या वाट्याला पाऊस कमी आला, हे आपल्या हाती नाही. शांतता कमी येऊ नये, हे मात्र आपल्या हाती आहे.

यात कार्यकर्त्याचे काम मोठे आहे. अफवा कानी येताच ती पुढे न पाठविता खरे काय ते वस्तीत जाऊन पाहणे, नळजोडणीसारखा वाद चिघळण्यापूर्वी दोन्ही बाजूंना एकत्र बसविणे, आपल्या मोर्चात शिरलेल्या दगडधारी हाताला आपणच रोखणे आणि दंगलखोर कोणीही असो, साक्ष देण्यास निर्भयपणे उभे राहणे, हे सारे राष्ट्रकार्यच आहे. कुणब्याच्या घरची भाजीही विकत घ्या, असे सांगणाऱ्या राजाचे नाव आपण रोज घेतो. त्याचा भगवा हाती घेऊन निघालेल्या मोर्चाने वाटेतल्या हातगाडीला धक्का लावू नये, एवढी शिस्त तरी त्या नावासाठी पाळलीच पाहिजे.