रवंथाला वेळ हवा

आपल्या मंडळात मनुष्यवैद्यकाच्या बहुतेक सर्व शाखांचे जाणकार आहेत. पशुवैद्यक मात्र मी एकटाच. स्नेहसंमेलनात कोणी थट्टेने “हे आमचे ढोरांचे डॉक्टर” अशी ओळख करून देतात, आणि मीही हसतो. यंदा स्मरणिकेसाठी लिहिण्याची सूचना झाली, तेव्हा मात्र हसण्यावारी न नेण्याजोगा एक विषय मनात आला. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने अभ्यास आणि रोजचे जगणे यांचा मेळ कसा घालावा?

निमित्त घरचेच आहे. माझी पुतणी परराज्यात या विद्येच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात रात्री तिचा फोन आला. “काका, तीन दिवस धड झोपले नाही. पण आमच्यात कोणीच झोपत नाही.” दुसऱ्या वाक्यात तक्रारीपेक्षा अभिमान अधिक होता, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. तो अभिमान माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

अभ्यास थोडा नाही, हे मान्य. आपण एका देहाची रचना शिकता. आम्हांला गाय, म्हैस, घोडा, शेळी, डुक्कर, कुत्रा, कोंबडी असे अनेक देह शिकावे लागतात. नुसता गर्भकाळ पाहा : गाय सुमारे २८० दिवस, म्हैस ३१०, घोडी ३४०, शेळी १५०, डुकरीण ११४, कुत्री ६३. माणसाला आपण सहज देतो ते पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर उठते. आंतरवासितेसह हा अभ्यासक्रम आज साडेपाच वर्षांचा आहे.

शिवाय जनावर वेळापत्रक पाळत नाही. अडलेल्या म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला असेल, तर तिला आडवी पाडून, कुशीवर फळी ठेवून, पिळाच्याच दिशेने लोळवावे लागते. हे काम एकट्याचे नाही आणि सकाळपर्यंत थांबणारेही नाही. अशा रात्री जागणे हा धर्मच आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही.

माझे म्हणणे एवढेच, की कर्तव्यासाठीची जाग आणि मिरवण्यासाठीचे जागरण यांत भेद केला पाहिजे. १९८८ साली मी महूला शेवटच्या वर्षाला होतो. इंदूरचे घर जेमतेम तेवीस किलोमीटरवर. मीटरगेजची गाडी होती. वडील आजारी होते. परीक्षा आटोपल्यावर जाऊ, म्हणून मी तीन आठवडे घरी गेलो नाही. सुट्टी कोणी नाकारली नव्हती; मी ती मागितलीच नाही. घरी जाणारा मागे पडतो, असा आम्हा मित्रांचा समज होता. परीक्षा संपवून घरी पोहोचलो, तेव्हा पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्याने वडिलांची वाचा गेली होती. पुढे ते चार महिने होते. बोलणे झाले नाही. त्या तीन आठवड्यांत पाठ केलेले आज किती आठवते, हे न सांगणेच बरे.

थकवा हा केवळ मनाचा प्रश्न नाही. ब्रुसेला रोगासाठी वासरांना टोचायची एस-१९ ही लस जिवंत जंतूंची असते. पेंगुळल्या हाताने सुई स्वतःलाच लागली, तर टोचणाराच रुग्ण होऊ शकतो.

कोणी म्हणतील, “निवासी डॉक्टर असताना आम्हीही छत्तीस-छत्तीस तास जागलो, काय बिघडले?” बिघडले ते बहुधा घरच्यांनी सोसले, म्हणून आपल्याला दिसले नाही.

गाय चारा भराभर गिळते. पण तो अंगी लागतो निवांत बसून रवंथ केल्यावर. दिवसाचे सहा-सात तास ती त्यात घालवते, आणि तिला कोणी आळशी म्हणत नाही. उलट, रवंथ थांबला की आम्ही तिला आजारी समजतो. विद्यार्थ्याला हाच निकष का लावू नये?

पुतणीला मी चारच गोष्टी सांगितल्या. रात्रीची केस झाली की आधी झोप, मग वही. आठवड्यातली एक संध्याकाळ पुस्तकाविना. रेबीजची प्रतिबंधक लस घेतल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही. आणि हाताखाली पहिले जनावर दगावेल, तेव्हा कोणाशी तरी बोलायचे.

आपणा सर्वांना एक विनंती. आपल्या शहरात बाहेरगावाहून अनेक मुले-मुली वैद्यक शिकायला येतात, माणसांचे आणि जनावरांचेही. प्रत्येक घराने एका विद्यार्थ्याला महिन्यातून एका रविवारी जेवायला बोलवावे. गुण विचारू नयेत; झोप होते का आणि घरी कधी जाऊन आलास, एवढेच विचारावे. आमच्या घरी येत्या रविवारपासून एक पान अधिक मांडले जाईल.