त्यक्त अर्ज

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत थोरल्या सूनबाईंनीं मेतकुटाचा व्यवसाय उभा केला व त्याच्या नांवाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी व्हावी याकरितां अर्ज केला. त्यावरील परीक्षण-अहवाल ई-मेलनें आला. परंतु अर्जांत दिलेला पत्ता होता परगांवीं नोकरीस असलेल्या धाकट्या दिरांचा. त्यांनीं तो उघडला नाहीं, उत्तर गेलें नाहीं, आणि अर्ज 'त्यक्त' ठरला. सूनबाई म्हणाल्या, "आम्ही तो टाकला कधीं?"

प्रश्न भाबडा वाटला, तरी मर्म त्यांतच आहे. त्याग हें जाणून केलेलें कर्म होय. म्हणूनच २०१७ च्या नियमांत अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यांत उत्तर न आल्यास अर्ज त्यक्त मानतां येतो असें आहे. 'मिळाल्यापासून' हा शब्द वाचकांनीं ध्यानीं धरावा. हे नियम होण्यापूर्वीं, २०१६ च्या मार्चांत, हजारो अर्ज एकदम त्यक्त ठरविण्यांत आले. अहवाल पोंचलेच नाहींत अशी तक्रार झाली, व एप्रिलांत दिल्ली उच्च न्यायालयानें त्या आदेशांस स्थगिती दिली.

अहवाल खरोखर मिळाला नसेल, तर निर्णयापासून एक महिन्याच्या आंत 'टीएम-एम' नमुन्यांत, कारणें नमूद करून, निबंधकाकडे पुनर्विलोकन मागावें. विनंती मान्य झाल्यास आणखी एक महिन्यापर्यंत मुदत मिळूं शकते. आदेश कळल्यापासून तीन महिन्यांत उच्च न्यायालयांत अपीलही करतां येतें.

"ई-मेल आलाच नाहीं, असें लिहून द्या," असा सल्ला त्या घरास कोणीं दिला. सूनबाईंनीं तो मानला नाहीं. "पत्र आलें होतें, आम्हीं पाहिलें नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि नवा अर्ज केला. त्याची किंमत लहान नव्हे. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. ती जुनी तारीख गेली. तथापि पूर्वीपासूनच्या वापरास कायद्यांत मान आहे, म्हणून वापर केव्हांपासूनचा तें सांगून जुन्या पावत्या प्रतिज्ञापत्रासह जोडल्या.

एकत्र कुटुंबांत सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे, असें पुष्कळदां होतें. अर्जांत पत्ता द्यावा तो काम करणाऱ्याचा. आणि उत्तराची मुदत भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहावी, म्हणजे ती सर्वांच्या दृष्टीस पडेल.