विज्ञानकथेसाठी नागपूरच्या सदरमध्ये एक खोली हवी आहे

दरवर्षी २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. शाळांमध्ये कविता म्हटल्या जातात, ग्रंथदिंडी निघते, फेटे बांधले जातात. दुसऱ्याच दिवशी, २८ तारखेला, राष्ट्रीय विज्ञान दिन. मग त्याच शाळांत थर्माकोलचे ज्वालामुखी धूर सोडू लागतात. पहिला दिवस भाषेचा, दुसरा विज्ञानाचा. दोन्ही दिवसांवर जिचा सारखाच हक्क, ती मराठी विज्ञानकथा मात्र दोन्ही मांडवांच्या बाहेर उभी असते.

तिला आत बोलावायचं आहे, आणि त्यात आता उशीर परवडणारा नाही.

२० मे २०२५ रोजी विज्ञानकथाकार जयंत नारळीकर गेले. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर त्यांचा फोटो फिरत होता. ‘लहानपणी वाचलं होतं हो यांचं,’ असं आपल्यातले कितीतरी जण म्हणाले. मनापासूनच म्हणाले. पण नंतर काय वाचलं, आणि आपल्या मुलांनी काय वाचलं, यावर सगळेच गप्प.

नारळीकरांच्या पुढचं नाव विचारलं की आपण अडखळतो. खरं तर नावांना तोटा नाही. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, बेळगावच्या माधुरी शानभाग. अलीकडच्या पिढीत मेघश्री दळवी आहेत, संजय ढोले आहेत. आणि आपले अरुण साधू! परतवाड्यात जन्मलेला हा माणूस २००७ साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ सगळ्यांना ठाऊक. त्यांनी ‘विप्लवा’ नावाची विज्ञान कादंबरी लिहिली, हे किती जणांना माहीत आहे?

लेखक आहेत, पुस्तकंही येतात. हरवतोय तो पुस्तकाचा आपल्यापर्यंतचा रस्ता. पूर्वी ‘किर्लोस्कर’सारखी मासिकं घरात यायची आणि कथा त्यांच्यासोबत न बोलावता आत शिरायची. आता बरीचशी मदार दिवाळी अंकांवर. ‘धनंजय’सारखे अंक रहस्यकथांच्या जोडीनं विज्ञानकथाही छापतात, म्हणून निदान वर्षातून एकदा ती हाती लागते. नव्या पुस्तकाचं प्रकाशन बहुधा पुण्या-मुंबईत होतं. इकडे कुणी मागितलं तर ते येतं. कुणी मागत नाही, म्हणून येत नाही. आपण सदरवाले तसेही मराठी पुस्तकासाठी सीताबर्डी गाठतो. तिथंही मागणी नसलेलं पुस्तक दुकानदार किती दिवस ठेवणार?

यात दोष कुणा एकाचा नाही. प्रकाशक तोट्यात किती वर्षं छापेल? ग्रंथपाल न मागितलेलं पुस्तक कशाच्या जोरावर घेईल? वाचनालयाच्या टेबलावर ‘विज्ञानकथा कोण वाचते जी आता?’ असं ऐकू आलं तर रागवायचं कारण नाही. ‘आम्ही वाचतो’ म्हणणारे चार जण समोर उभे राहिले की तो प्रश्न मिटतो.

एवढी धडपड कशासाठी, असं कुणी विचारेल. एक उदाहरण घरचंच. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं. उल्कापातानं बेसॉल्टच्या खडकात पडलेलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर, त्यात खारं पाणी आणि टाळेबंदीत घरात कोंडलेली माणसं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं, म्हणजे सदरपासून हाकेच्या अंतरावर. पाण्याचे नमुने गोळा करण्याचं काम आपल्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीत उत्तर निघालं: खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असणारे सूक्ष्मजीव. विवर, न्यायालय, प्रयोगशाळा, गुलाबी पाणी! दुसऱ्या एखाद्या देशात यावर कादंबऱ्यांची रांग लागली असती. आपल्याकडे आठवडाभर फोटो फिरले आणि विषय संपला.

आणि परग्रहावरचे पाहुणे आले की उतरतात कुठे? अमेरिकेत. फारच झालं तर पुण्यात. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरचे जीवाश्म सापडतात, मे महिन्यात आपल्या अंगणात भट्टी पेटते, पेंचचं पाणी आपण प्यायचं आणि पेंचचा वाघ पाहायलाही जायचं. भविष्यात या सगळ्याचं काय होणार, याची गोष्ट इथल्या मुलाला त्याच्या भाषेत मिळाली नाही, तर भविष्य ही दुसऱ्यांच्या गावची भानगड आहे असंच त्याला वाटत राहील. कृत्रिम बुद्धिमत्ता त्याच्या खिशातल्या फोनमध्ये येऊन बसली आहे. तिच्याविषयी घाबरायचं की हुरळायचं, हे ठरवण्याआधी ‘असं झालं तर?’ हा प्रश्न विचारायची सवय हवी. विज्ञानकथा तीच सवय लावते.

आपल्या सदरमध्ये कॉन्व्हेंट शाळा बऱ्याच, आणि गल्लीगणिक भाषा वेगळी. मुलं इंग्रजीत वाचतात, हिंदीत भांडतात. पण २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे. म्हणजे अक्षरं सगळ्यांना येतात. त्या अक्षरांत वाचावंसं वाटेल असं काही त्यांच्यापुढे ठेवणं उरलं आहे, आणि ते काम सरकारचं नाही, आपलं आहे.

हे जमतं का? जमतं. १९७९ साली मौज प्रकाशनानं नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह काढला. त्याच वर्षी चीनमधल्या चेंगडू शहरात एक मासिक सुरू झालं, पुढे ते ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’ या नावानं ओळखलं गेलं. चेंगडू म्हणजे काही बीजिंग नव्हे. राजधानीपासून दूर, आपल्या नागपूरसारखंच आतल्या भागातलं शहर. पण वाचकांनी ते मासिक धरून ठेवलं. त्याच मासिकात क्रमशः आलेल्या लिऊ त्सिशिन यांच्या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ मध्ये विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि २०२३ मध्ये जगभरातले विज्ञानकथेचे वाचक संमेलनासाठी थेट चेंगडूला गेले. एवढं लांब नको असेल तर कोलकाता पाहा. अद्रीश बर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे बंगाली विज्ञानकथेचं मासिक काढलं. काही वर्षांतच विज्ञानपट पाहणाऱ्यांचा एक क्लब तिथं उभा राहिला. त्याचे अध्यक्ष होते सत्यजित राय.

आपलं घराणंही लहान नाही. मराठी विज्ञान परिषद १९७० पासून विज्ञानकथा स्पर्धा घेते. १९७४ साली नारायण विनायक जगताप नावाच्या अनोळखी माणसाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे नारळीकरच. आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवलेली कथा. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकाराचं स्वागत केलं. स्पर्धेनं नाव पाहिलं नाही, कथा पाहिली. सदरमधल्या एखाद्या नववीतल्या मुलीला किंवा निवृत्त अभियंत्याला आज हेच दार ठोठावता येईल.

तर कामाला लागू या. प्रत्येकानं या वर्षात एक नवं मराठी विज्ञानकथेचं पुस्तक विकत घ्यावं. जुनं, आवडतं, दहादा वाचलेलं नव्हे. हयात लेखकाचं, नवं. दुकानात नसेल तर मागवायला सांगावं, आणि आलं की न्यायला नक्की जावं, नाहीतर पुढच्या वेळी दुकानदार आपलं ऐकणार नाही. वाचनालयाचे सभासद असाल तर मागणी लेखी नोंदवा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं; एकाच पुस्तकाखाली पाच नावं पडली की ग्रंथपालाला समितीपुढे बोलता येतं.

पण सगळ्यात जास्त गरज आहे ती एकत्र बसून वाचण्याची. महिन्यातून एक शनिवार, संध्याकाळी दीड तास. एकानं कथा मोठ्यानं वाचायची आणि मग प्रश्न. त्यासाठी सदरसारखी जागा शोधून सापडणार नाही. शासकीय विज्ञान संस्था सिव्हिल लाइन्समध्ये, भारतीय खाण ब्यूरो तिथंच, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर. तिथून निवृत्त झालेले कितीतरी काका-काकू आपल्याच आसपास राहतात, संध्याकाळी फिरायला जातात आणि कुणी काही विचारत नाही म्हणून हवामानावर बोलतात. त्यांना बोलवा. कथेतलं विज्ञान कुठं खरं, कुठं लेखकानं थाप मारली, हे त्यांनी मुलांना सांगावं. मुलं वाद घालतील. घालू द्या, लेखकाची चूक पकडण्यासारखी गंमत नाही, आणि ती पकडायला पुस्तक नीट वाचावं लागतं.

नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. तोच नियम आपल्या बैठकीला लावू या. प्रवेश फी एक प्रश्न, मराठीत, कागदावर लिहिलेला. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. हिंदी मिसळली तरी चालेल.

आणि पहिली मोठी बैठक येत्या २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी घेऊ. भाषेचा दिवस मावळत असतो, विज्ञानाचा उजाडायचा असतो, दोन्हीकडचे पाहुणे मोकळे असतात. सुरुवात ‘कृष्णविवर’नं करू. दुसरी कथा गेल्या दोन वर्षांत छापलेल्या पुस्तकातलीच हवी, आणि ते पुस्तक त्या दिवशी खोलीत विकायला ठेवलेलं हवं.

वाचायला माणसं मिळतील. शंकांना उत्तरं देणारे मिळतील. चहा रेसिडेन्सी रोडवरून येईल. शाळेचा वर्ग असो, सोसायटीचा हॉल असो की कुणाच्या घरची मोठी बैठकीची खोली, पन्नास खुर्च्या मावतील अशी जागा कुणाकडे आहे, तेवढं आधी सांगा.