शनिवारी आनंद, मग सोमवारी काय? लहान मुलं वर्गात नेमकी कशामुळे रमतात?

वारणानगर म्हटलं की बाहेरच्या माणसाला साखर कारखाना आठवतो, नाहीतर वारणाचं दूध आणि श्रीखंड. पण पन्हाळा तालुक्यातल्या या गावाची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे वारणा बालवाद्यवृंद. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला हा पोरांचा वाद्यवृंद.

आता साधा प्रश्न. वाद्यावर एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटायला मुलं तयार असतात. मग गणिताच्या तासाला त्याच वयाची मुलं खिडकीबाहेर का बघत बसतात?

हा प्रश्न आत्ता विचारायचं कारण आहे. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी राज्य सरकारने मार्च 2024 मध्ये ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. योग, श्वसनाचे प्रकार, रस्ता सुरक्षा, खेळ, पैशांचं नियोजन असं बरंच काही त्यात आहे. मुलांवरचा ताण कमी व्हावा, शाळा आवडावी, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण एका दिवसाच्या नावात ‘आनंददायी’ लिहावं लागतं, तेव्हा उरलेल्या पाच दिवसांबद्दल आपण काय कबूल करतोय?

आणि अभ्यासाचं चित्र काय आहे? ‘असर’ या ग्रामीण भागातल्या पाहणीचा 2024 चा अहवाल सांगतो की देशातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीतल्या फक्त 23.4 टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो. 2022 मध्ये हा आकडा 16.3 टक्के होता. म्हणजे सुधारणा आहे. तरी चारपैकी तीन मुलांसमोर असं पुस्तक उघडलं जातंय जे त्यांना वाचताच येत नाही. अशा मुलाचं लक्ष लागत नाही, ही तक्रार करण्यातच अर्थ नाही. समजत नसलेल्या भाषेतल्या सिनेमात आपण किती वेळ बसू?

मग मुलांना गोडी लावायची कशी? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बक्षीस. वहीवर स्टार, शर्टावर स्टिकर, पाढे पाठ झाले की चॉकलेट. यावर 1973 चा एक गाजलेला अमेरिकन प्रयोग आहे. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात काय झालं? बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला. आवडीचं काम होतं, त्याची मजुरी झाली.

याचा अर्थ शाबासकी देऊ नका असा नाही. न सांगता मिळालेल्या बक्षिसाने काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते आधी ठरवलेल्या सौद्याने.

आता परत वाद्यवृंदाकडे. कुठल्याही वाद्यवृंदात नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी अवघड तुकडा देत नाहीत. त्याला जमेल असा ठेका देतात. चुकलं तर ते लगेच कानाला कळतं, त्यासाठी लाल शेरा लागत नाही. आणि त्याचा ठेका आला नाही तर बाकीचे अडतात, म्हणजे त्याची गरज असते. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाने पुस्तक उघडलं नाही तर कोणाचं अडतं?

याच वारणा परिसरात दुसरी गोष्टही घडून गेलीय. 1998 मध्ये इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला, 70 गावांत संगणक केंद्रं. शेतीच्या माहितीपासून शिक्षणापर्यंत बरीच स्वप्नं होती, पण प्रत्यक्षात संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबाला उपयोगी पडले. कारण उसाचं वजन आणि बिल ही शेतकऱ्याची रोजची गरज होती. डिजिटल वर्गाचा स्क्रीन भिंतीवर लावून मुलं आपोआप शिकतील असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग रोजच्या वर्गात हे जमतं का? वारणानगरहून कोल्हापूर जवळच. तिथे लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. नावातच आनंद आहे, पण तो वेगळ्या तासाला ठेवलेला नाही. लीलाताईंचा शब्द होता ‘अर्थपूर्ण आनंदशिक्षण’, आणि त्यातला ‘अर्थपूर्ण’ आपण सोयीने गाळतो. मुलांनी स्वतः बघायचं, विचारायचं, लिहायचं, आणि हे सगळं अभ्यासातच.

अडचण आहे ती माणसांची. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे खेड्यातल्या शाळेत एका गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरणं, मतदार यादी, सर्वेक्षणं. अशा शिक्षकाला ‘मुलांना प्रेरणा द्या’ असं परिपत्रक पाठवणं सोपं आहे.

त्यातही एक गोष्ट करता येते. दिवसातला एक तास मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवायचं, म्हणजे चौथीतला अडखळणारा आणि दुसरीतली पुढे गेलेली एकाच गटात. ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत अनेक राज्यांत वापरली आहे. शाळेच्या पुढच्या पालक सभेत ‘माझ्या मुलाला किती मार्क’ याच्याआधी ‘त्याला आत्ता कुठलं पुस्तक वाचता येतं आणि वर्गात त्याला तेच मिळतं का’ एवढं विचारून बघा.