वास्तुशांतीला हजारों, कागदाला दमडी नाहीं

घर पाहावें बांधून, असें आमचे वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळीं घर करणें म्हणजे माती, लांकूड, कौलें व मजुरी यांची तजवीज करणें एवढेंच होतें. जागा बापजाद्यांची असे, आणि ती कोणाची हें साऱ्या गांवाला ठाऊक असे. आज काळ पालटला आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. कचेऱ्या आल्या, शहरालगतच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडल्या आणि शेताचे प्लॉट झाले. शहादा, तळोदा, नवापूर येथेंही तोच प्रकार. खेड्यांतला मास्तर, एस.टी.चा कंडक्टर, पोलीस शिपाई, चार पैसे गांठीं बांधलेला शेतकरी, हे सारे मुलांच्या शिक्षणासाठीं शहरांत घर पाहूं लागले. बहुजन समाजाची ही बहुतेक पहिलीच पिढी, जी घर बांधीत नाहीं, विकत घेते. विकत घेतलेलें घर विटांवर उभें दिसलें तरी तें टिकतें कागदावर, ही गोष्ट मात्र अजून आमच्या अंगवळणीं पडलेली नाहीं.

घर घेतांना आमचे लोक काय करतात तें पाहा. मुहूर्त काढण्यासाठीं पंचांगवाल्याकडे दोन खेपा होतात. वास्तुशांति, सत्यनारायण, जेवणावळ, मंडप यांवर हजारों रुपये जातात, आणि त्यांत कोणी हात आखडता घेतला तर भाऊबंद नांवें ठेवतात. पण ज्या खरेदीखतावर सही करून जन्माची पुंजी दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची, तें आधीं घरीं आणावें, जाणत्या वकिलाकडून वाचून घ्यावें, त्याची फी मोजावी, हें कोणाला सुचत नाहीं. विकणाऱ्याचा माणूस दस्त लिहितो, विकणाऱ्याचाच माणूस तो भरभर वाचतो, आणि आमचा दादा बोट दाखवील तेथें सही करतो. आजा अंगठा उठवीत होता, नातू सही करतो. न वाचतां करतो, इतकेंच साम्य दोघांत उरलें आहे.

कागदाच्या या अज्ञानानें आमचें किती गेलें, हें नव्यानें सांगावयास नको. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हां त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकावून त्यांनीं जाळले. १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं सरकारनें कायदा केला, आणि शेतकऱ्यानें लिहून द्यावयाचा दस्त गांवच्या निबंधकासमोर व्हावा अशी तजवीज त्यांत घातली. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला वाचून सांगणारा त्रयस्थ पाहिजे, ही गोष्ट तेव्हांच मान्य झाली होती. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांतही विद्येवांचून शेतकरी कसा नागवला जातो हाच टाहो आहे. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१८ सालीं कुळकर्णी वतन मोडून तलाठी नेमले, त्याच्या मुळाशींही गांवचें दप्तर एकाच घराण्याच्या मुठींत नसावें हाच विचार होता.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास तर याहून जवळचा आहे. ३० जानेवारी १९७२ रोजीं शहाद्यास भू-मुक्ति परिषद भरली. अंबरसिंग महाराजांच्या पाठीशीं भिल्ल बांधव उभे राहिले, आणि कागदाच्या जोरावर गेलेल्या जमिनी परत मिळाव्या असा आवाज उठला. १९७४ सालीं सरकारनें कायदे केले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या मुदतींत बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी अटींस धरून परत देण्याची तरतूद झाली. जमीन महसूल संहितेंत कलम ३६-अ आलें. त्या कलमान्वयें आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस विकावयाची तर कलेक्टरची आगाऊ परवानगी पाहिजे, आणि ती परवानगी देण्यास राज्य सरकारची मान्यता पाहिजे.

हा कायदा घर घेणाऱ्यानें कां जाणावा ? २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें आमच्या जिल्ह्यांत दर शेंकडा सुमारें ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणून येथें ज्या जमिनीवर प्लॉट पडतो, ती मुळांत कोणाची होती हा पहिला प्रश्न असला पाहिजे. परवानगीवांचून झालेला व्यवहार चौकशींत सांपडला तर कलेक्टर तो रद्द ठरवूं शकतो. मग विकणाऱ्या आदिवासी भावाला मिळालेली किरकोळ रक्कम केव्हांच खर्चून गेलेली असते, घेणाऱ्याचे लाख बुडतात, आणि मधला दलाल दोघांकडून दलाली घेऊन तिसऱ्या शेतांत रेघा ओढीत असतो. हा कायदा घर घेणाऱ्याचा वैरी नव्हे. तो दुबळ्याच्या जमिनीचें कुंपण आहे, आणि कुंपण ओलांडून घेतलेल्या जागेंत सुखाची झोप लागत नाहीं. जाणता वकील जुने फेरफार पाहून हें एका बैठकींत सांगेल.

आतां कागदांविषयीं चार शब्द. साठेखत म्हणजे खरेदी नव्हे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो कीं, शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच होते. कोऱ्या स्टँपावर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे मालकी येत नाहीं. मुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र यांच्या जोरावर केलेल्या व्यवहारानें मालकी मिळत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑक्टोबर २०११ रोजीं दिला आहे. नोंदलेला दस्त झाला तरी काम संपलें असें नाहीं; दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो, विकणारा खरा धनी आहे याची हमी तो घेत नाहीं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यांत बोजा, कूळ, बंदी यांची नोंद असते, आणि आमचे लोक नेमका तोच रकाना सोडून वरचें नांव वाचतात. वडिलोपार्जित जागा असेल तर विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत काय, हेंही विचारलें पाहिजे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदु वारसा कायद्यांत मुलीस मुलाइतका हक्क मिळाला आहे. बहिणीला डावलून केलेलें खरेदीखत कोर्टांत ओढलें जातें, आणि तें जावें हेंच न्यायाचें.

नव्या इमारतींत सदनिका घेणाऱ्यास २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा ८ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प सोडला, तर बांधणाऱ्यानें महारेराकडे प्रकल्प नोंदविल्यावांचून विक्री करूं नये. करारनामा नोंदविण्यापूर्वीं त्यानें किमतीच्या शेंकडा १० हून अधिक रक्कम घेऊं नये. असें असूनही अर्धी रक्कम साध्या पावतीवर देणारे आमच्यांत निघतात.

पैशाच्या बाजूसही असाच अंधार आहे. आमच्या शाळेंतील सातवीच्या मुलांस सरळव्याज येतें. बाप मात्र तेंच गणित सहीच्या वेळीं विसरतो. समजा, कोणी ५ लाख रुपये १० वर्षांसाठीं शेंकडा १२ दरानें घेतले. उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलें तर महिन्याचा हप्ता सुमारें ७,१७४ रुपये येतो. पण सावकारी वळणाची पेढी 'सपाट दर' असा शब्द वापरते. म्हणजे मुद्दल फिटत गेलें तरी शेवटपर्यंत पुऱ्या ५ लाखांवर व्याज लावते. दर तोच १२, पण हप्ता होतो सुमारें ९,१६७ रुपये. दहा वर्षांत २ लाख ३९ हजारांचा फरक ! खरा दर साडेअठराच्या घरांत जातो, आणि कागदावर १२ चाच आंकडा राहतो. एवढ्या फरकांत वकील व हिशेबनीस दोघांची फी अनेक वेळां निघाली असती.

बदलत्या दराचें गृहकर्ज मुदतीआधीं फेडल्यास दंड घेऊं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालीं बँकांस बजावलें. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करावे, आणि बँकेच्या चुकीनें उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू केला. हे नियम आमच्यासाठीं आहेत, पण ठाऊक नसलेला नियम नसल्यासारखाच असतो. "बँकेनें कर्ज दिलें, म्हणजे कागद चोख" असें मानणेंही घातक आहे. बँकेचा वकील बँकेचें कर्ज सुरक्षित आहे काय तें पाहतो. तुमचें घर सुरक्षित आहे काय, हें पाहणारा माणूस तुम्हींच नेमावयास हवा.

आतां कोणी विचारील : देव व भक्त यांच्यामध्यें भट नको, असें सत्यशोधक म्हणत आले, मग घर व घर घेणारा यांच्यामध्यें वकील कां आणतां? प्रश्न रास्त आहे. एक मध्यस्थ म्हणतो, "मंत्राचा अर्थ विचारूं नकोस, दक्षिणा ठेव." दुसरा म्हणतो, "हा कागद, ही त्यांतली उणीव, हा कायदा. पटत नसेल तर दुसऱ्या वकिलास दाखव." पहिल्याचें पोट तुमच्या अज्ञानावर चालतें. दुसरा तुमचें अज्ञान कमी करतो, पावती देतो, आणि चुकला तर त्याला जाब विचारतां येतो. जोतीरावांचा झगडा न विचारतां मान डोलविण्याशीं होता, विद्येशीं नव्हता. जो वकील अर्थ न सांगतां नुसती सही मागतो, तोही काळ्या कोटांतला पुरोहितच समजावा, मग त्याची जात कोणतीही असो.

जातीवरून आणखी एक कटु गोष्ट सांगणें भाग आहे. पूर्वीं आम्हांला फसविणारा परका होता. आज पुष्कळदां तो आपलाच असतो. "भाऊ, आपलाच माणूस आहे, कागदाचं काय घेऊन बसलात ?" असें म्हणणारा दलाल आमच्याच पंगतीला बसतो. जातीचा विश्वास हा त्याचा धंद्याचा माल आहे. ज्याचा व्यवहार स्वच्छ असेल तो कागद दाखविण्यास रागावणार नाहीं. जो रागावेल, त्याच्यापासून दूर राहावें.

फी परवडत नाहीं, ही तक्रार खरी आहे. पण त्यावरही कायद्यानें उपाय ठेवला आहे. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणें स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न घालतां मोफत कायदेशीर मदत मिळूं शकते; इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेंत मिळते. या मदतींत खटला चालविण्याबरोबर कायद्याचा सल्ला देणेंही येतें. जिल्हा न्यायालयांत या प्राधिकरणाची कचेरी असते, आणि १५१०० हा तिचा दूरध्वनि क्रमांक आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत या कचेरीच्या दारांत रांग लागावयास हवी होती.

आमच्या समाजांतून जे तरुण वकील झाले, हिशेबतपासनीस झाले, त्यांच्याकडेही एक मागणें आहे. ज्या गांवानें तुम्हांला शिकविलें, तेथें महिन्यांतून एक दिवस बसा, आणि जो कागद घेऊन येईल त्याला अर्थ सांगा. जागा शाळेची मिळेल, सतरंजी आम्ही अंथरूं.

आणि ज्यांच्या घरीं यंदा खरेदीचें बोलणें चाललें असेल, त्यांनीं विसार देण्यापूर्वीं आठ दिवस थांबावें. सातबारा, फेरफार, मागील खरेदीखतें व कर्जाचा मसुदा यांच्या नकला मागून घ्याव्या, आणि विकणाऱ्याशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं अशा वकिलाकडे न्याव्या. बरोबर घरधनिणीलाही न्यावें. घर तिचेंही आहे, आणि १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांक शुल्कांत शेंकडा १ ची सूट सुरू झाली आहे. वास्तुशांतीचा मंडप थोडा लहान केला, तरी वकिलाची फी सहज निघते.