चित्रकाराचे बारा महिने

सप्टेंबर २०२५मध्ये दिल्लीतील एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र ६७ कोटी ८ लाख रुपयांना विकले गेले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क येथे मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ला १ कोटी ३८ लाख डॉलर्स, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले होते. अशा वार्ता प्रसिद्ध झाल्या की चित्रकला हा मोठ्या धनप्राप्तीचा व्यवसाय असावा, असा सर्वसामान्य वाचकाचा समज होतो. परंतु गायतोंडे २००१मध्ये निवर्तले आणि हुसेन २०११मध्ये. कोट्यवधींचा हा व्यवहार विकणारा आणि घेणारा यांच्यातला आहे. ज्याच्या हातून चित्र उतरले तो चित्रकार या हिशेबात कोठेच नाही.

याच्या नेमकी उलट अशी दुसरी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. चित्रकार म्हणजे लहरी माणूस, प्रतिभेचा झटका आला की तो रंगवितो आणि एरवी उपाशी राहतो, ही ती समजूत. या दोन्ही कल्पनांमध्ये एक गोष्ट विसरली जाते. चित्रकारालाही वर्षाचे बारा महिने असतात, त्या प्रत्येक महिन्यात त्याला काम करावयाचे असते आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीस घरभाडे द्यावयाचे असते. प्रतिभेचे मोजमाप करणे हे अर्थशास्त्राचे काम नव्हे. या बारा महिन्यांचा हिशेब मांडणे मात्र त्याच्या आवाक्यातले आहे.

प्रारंभ मृगापासूनच करावयास हवा, कारण आपल्या शेतकऱ्याप्रमाणे आपल्या चित्रकाराचे वर्षही पावसाने कापले जाते. जलरंगात निसर्गचित्रे करणाऱ्याला या दिवसांत कागद सुकण्याची वाट पाहत बसावे लागते. हवेत इतकी ओल असते की एका रंगाच्या थरावर दुसरा थर केव्हा द्यावा याचे उन्हाळ्यातले गणित पार बिघडते. तैलरंगाची गोष्ट आणखी निराळी. तो पाण्यासारखा उडून जाऊन सुकत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते. पातळ थराला काही दिवस, जाड थराला काही महिने लागतात आणि दमट, कोंदट खोलीत हा काळ वाढतो. कोकणात व मुंबईत कॅनव्हासला आणि कागदाच्या गठ्ठ्यांना बुरशी लागते ती निराळीच. म्हणजे माल तयार होण्याचा वेग मंदावतो आणि तयार मालाची नासाडी होण्याचा धोका वाढतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अ‍ॅक्रिलिक रंग आले. ते पाण्याने पातळ होतात आणि बहुधा तासाभरात सुकतात. त्यांच्या प्रसाराची कारणे सांगताना रंगछटांची चर्चा पुष्कळ होते, परंतु ज्याचे भांडवल ओल्या कॅनव्हासमध्ये अडकून पडते त्याला लवकर सुकणारा रंग म्हणजे लवकर मोकळा होणारा पैसा असतो, हेही त्यातले एक कारण आहे.

आषाढ-श्रावणात चित्रे विकत घेण्यासाठी सहसा कोणी फिरकत नाही. या दिवसांत आपल्या चित्रकाराला तगविले ते उत्सवांनी. पेणच्या कारखान्यांतील काम वर्षभर चालते, परंतु रंगकाम आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी यांची घाई भाद्रपदाच्या तोंडावर होते. डोळे आखणारा हात हा त्या कारखान्यातला सर्वांत कसबी हात असतो. त्यापाठोपाठ दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी साहित्याबरोबर मराठी चित्रकारालाही वर्षातून एक हुकमी हंगाम मिळाला. मुखपृष्ठे, कथाचित्रे, व्यंगचित्रे, सजावट ही कामे पावसाळ्यातच उरकावी लागत. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची नावे घराघरांत पोचली ती कलादालनांतून नव्हे, तर दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकांवरून. दिनदर्शिका जानेवारीत लागत असल्या तरी त्यांची चित्रे आधीच्या पावसाळ्यात तयार व्हावी लागत. सारांश, ज्या ऋतूत स्वतःचे चित्र सुकत नाही, त्या ऋतूत दुसऱ्याच्या मागणीवर चरितार्थ चालत असे.

हा आधार आता खचला आहे. चित्रपटांचे हाताने रंगविलेले फलक संगणकावर छापलेल्या फलकांनी हटविले. दुकानांच्या पाट्यांचेही तेच झाले. मुखपृष्ठे संगणकावर जुळविली जातात. यंत्राविषयी येथे तक्रार करावयाची नाही, कारण यंत्राने पुष्कळांना पुष्कळ स्वस्तात दिले. परंतु ज्या जोडधंद्याच्या बळावर चित्रकार आपले स्वतःचे चित्र रंगवू शकत होता तो जोडधंदाच गेला, आणि त्याच्या जागी काय आले, हे विचारणे भाग आहे.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते, उजेड स्वच्छ होतो आणि प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. मुंबईत १९५२ पासून जहांगीर कलादालन हे चित्रकारांचे पंढरपूर आहे, मात्र तेथील वारीसाठी काही वर्षे ताटकळावे लागते. एकदा जागा मिळाली की हाती एक आठवडा येतो. त्या आठवड्यासाठी दालनाचे भाडे, चौकटी, वाहतूक, निमंत्रणपत्रिका आणि मुंबईबाहेरच्या चित्रकाराला राहण्याजेवणाचा खर्च, हे सारे आगाऊ घालावे लागते. दोन वर्षांच्या श्रमाचा निकाल सात दिवसांत लागतो. लॉटरीची उपमा येथे कोणी देईल, परंतु लॉटरीचे तिकीट काढणारा त्यासाठी दोन वर्षे राबलेला नसतो.

मग फाल्गुनात पळस पेटतो, वैशाखात गुलमोहर फुलतो. स्थलचित्रण करणाऱ्याचे हे दिवस. मात्र त्याला पहाटे निघून दहाच्या आत परतावे लागते, कारण पुढे ऊन रंग खाऊन टाकते आणि ब्रशवरचे पाणी कागदाला टेकण्यापूर्वी उडते. उरलेल्या दिवसात तो मुलांचे सुटीतील चित्रकलेचे वर्ग घेतो आणि त्या पैशातून पावसाळ्याची बेगमी करतो. येथे त्याचे वर्ष पूर्ण होते.

या वर्षाचा ताळेबंद मांडला तर काय दिसते? चित्राच्या खर्चात रंग आणि कॅनव्हास यांचा वाटा लहान असतो. मोठा खर्च वेळेचा असतो आणि तो कमी करता येत नाही. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६मध्ये रंगभूमी व संगीत यांच्या अर्थकारणाविषयी जे दाखवून दिले ते येथेही बव्हंशी लागू पडते. कारखान्यात दर माणशी उत्पादन वाढते, त्याबरोबर वेतन वाढते आणि सर्वत्र राहणीचा खर्च वाढतो. परंतु चार वादकांची रचना शंभर वर्षांपूर्वी जितक्या वेळात वाजविली जात होती तितकाच वेळ आजही घेते. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. त्यांना दुप्पट चित्रे करावयास सांगणे म्हणजे चित्रे करू नका असे सांगणेच होते. ज्या व्यवसायात उत्पादनाचा वेग वाढविता येत नाही आणि उत्पन्न वर्षातील एखाद्या आठवड्यावर अवलंबून असते, त्या व्यवसायात टिकून राहतो तो बहुधा घरचा बरा असलेला किंवा दुसरी नोकरी असलेला. गुणवत्तेची निवड होण्यापूर्वीच ऐपतीची निवड होऊन जाते. समाजाचे खरे नुकसान येथे आहे.

हा प्रश्न पूर्वीच्यांना दिसला नव्हता असे नाही. अबालाल रहिमान यांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थाचा परिसर पुनःपुन्हा, निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या उजेडात रंगविला. एकाच तळ्याकाठी असे वर्षानुवर्षे बसता येण्यासाठी पाठीशी कोणी तरी असावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला होता. स्वातंत्र्योत्तर काळात हीच दृष्टी डॉ. होमी भाभा यांनी दाखविली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खर्चातील एक टक्का रक्कम कलाकृतींसाठी वापरण्याची अनुमती त्यांनी पंडित नेहरूंकडून मिळविली. कुलाब्याच्या त्या वास्तूत हुसेन यांचे भित्तिचित्र आहे, गायतोंडे यांची चित्रे आहेत आणि ती या चित्रकारांना बाजाराने डोक्यावर घेण्याच्या कितीतरी आधी घेतलेली आहेत. संस्थेने दानधर्म केला असे म्हणावयाचे, की उत्तम खरेदी केली असे म्हणावयाचे, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर दोन आक्षेप निघतात. पहिला असा की, ज्या राज्यात उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते तेथे चित्रांवर सार्वजनिक पैसा का खर्चावा? आक्षेप गंभीर आहे. परंतु येथे नव्या तरतुदीची मागणी नाही. शासकीय इमारती, रुग्णालये, न्यायालये, बसस्थानके बांधली जातातच आणि त्यांच्या दर्शनी भागावर संगमरवर व काच यांचा खर्च होतोच. फ्रान्सने १९५१मध्ये शाळांच्या बांधकामखर्चातील एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवला. तेवढा एक टक्का आपल्याला संगमरवरातूनही काढता येईल.

दुसरा आक्षेप असा की, सरकारी मदत म्हणजे समित्या, वशिला आणि सुमार दर्जा. हाही खोटा नाही. नेदरलँड्समध्ये १९४९पासून चित्रकारांकडून चित्रे घेऊन त्यांना उत्पन्न देण्याची योजना चालली. सरकारी कोठारे चित्रांनी भरून गेली आणि १९८७मध्ये योजना गुंडाळावी लागली. चित्रे लावावयाची कोठे याचा विचार न करता ती घेत सुटले की असे होते. आयर्लंडने २०२२मध्ये दुसरा मार्ग धरला. सुमारे दोन हजार कलावंतांना तीन वर्षांसाठी आठवड्याला ३२५ युरो दिले आणि पात्र अर्जदारांतून निवड समितीच्या मर्जीने न करता सोडतीने केली. आपल्या तिजोरीला इतके झेपणार नाही, हे उघड आहे. तथापि पाऊस सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंतच्या चार-पाच महिन्यांपुरते तरुण चित्रकारांना, सोडतीनेच, लहानसे निर्वाहवेतन आणि काम करण्यास एक कोरडी खोली देणे अशक्य नाही. प्रत्येक जिल्ह्यात वर्षातील बराच काळ रिकामी राहणारी सभागृहे आणि सुटीत बंद असणाऱ्या शाळा आहेत.

राहिला प्रश्न त्या कोटींच्या लिलावांचा. त्यासाठी नवा कायदा करण्याचीही आवश्यकता नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने ‘५३ अ’ हे कलम घालण्यात आले. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मिळावा आणि तो दहा टक्क्यांहून अधिक नसावा, असे हे कलम सांगते. फ्रान्सने हे तत्त्व १९२०मध्येच स्वीकारले आणि ब्रिटनने २००६मध्ये अमलात आणले. आपले कलम मात्र ग्रंथात निजून आहे. पुनर्विक्रीच्या वाट्याचा लाभ मुख्यतः आधीच नामवंत झालेल्यांना होतो, आणि हा वाटा द्यावा लागणार म्हणून घेणारा पहिल्या विक्रीतच किंमत पाडून मागेल, असा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ करतात. त्यात तथ्य आहे. म्हणून वाटा अल्प ठेवावा, मोठ्या रकमांवर त्याला मर्यादा घालावी, आणि लिलावसंस्थांच्या अडतीवरील लहानशा आकारातून पावसाळी निर्वाहवेतनाचा निधी उभारावा. लिलावाच्या किमतीच्या अर्धा टक्का धरला तरी एका चित्राच्या ६७ कोटींतून ३३ लाखांहून अधिक रक्कम उभी राहते. जिवंत चित्रकारांचे कितीतरी पावसाळे त्यात निघतील.

शासनाकडे बोट दाखविताना मध्यमवर्गालाही एक प्रश्न विचारावा लागेल. मूर्तिकलेचे प्रदर्शन नि गायनाची मैफल चुकवू न देणारा हा वर्ग घर सजविताना छताच्या नक्षीवर आणि दिव्यांवर लाखभर रुपये सहज खर्चितो, आणि भिंतीवर मात्र दुकानातले छापील चित्र लावतो. मूळ चित्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, ही समजूत लिलावांच्या बातम्यांनीच दृढ केली आहे. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींची चित्रे भ्रमणध्वनीच्या किमतीत मिळतात आणि पुष्कळदा हप्त्यांनीही मिळतात. हप्ता घेणाऱ्याला सोयीचा आणि देणाऱ्याला वर्षभर थोडे थोडे उत्पन्न देणारा. ऋतूंनी विस्कटलेल्या मिळकतीवर याहून साधा उपाय अर्थशास्त्रालाही सुचणार नाही.

चित्रकार गेल्यावर त्याच्या चित्राला कोटी मोजणारा समाज रसिक म्हणविला जातो. ती रसिकता तपासण्याची वेळ आषाढात येते, जेव्हा कॅनव्हास ओला असतो, दालने ओस असतात आणि घरभाड्याची तारीख मात्र टळत नाही.