विचारलंच कोणी?

सिनेमावाल्यांचा एक आवडता खेळ आहे. अमक्या दिग्दर्शकानं तमका सिनेमा नाकारला. नसता नाकारला तर काय झालं असतं? एका कटिंगवर तास निघून जातो. मीही खेळलोय, खोटं कशाला बोलू. पण एका सिनेमाशी हा खेळ मला जमत नाही.

डेव्हिड लीन, इंग्रज दिग्दर्शक. १९५०च्या दशकाच्या शेवटी तो गांधींवर सिनेमा करायच्या तयारीला लागला होता. मनात नट होता अ‍ॅलेक गिनेस. मग गांधी बाजूला ठेवला अन् गिनेसलाच घेऊन 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' केला, १९६२ साली. त्याच साली लंडनच्या भारतीय वकिलातीतले मोतीलाल कोठारी रिचर्ड अ‍ॅटनबरोकडे गेले. त्यानं वीस वर्षं दारं झिजवली. १९८२ साली 'गांधी' आला. पैशात एनएफडीसीचा, म्हणजे आपल्याच सरकारचा वाटा. आठ ऑस्कर.

मी तो सीताबर्डीवर पाहिला. आफ्रिका आहे, दांडी आहे, गोलमेज परिषदही आहे. बाबासाहेब नाहीत. १९३२चं येरवड्यातलं उपोषण नाही, पुणे करार नाही. तीन तास अकरा मिनिटांत जागा झाली नाही! शेजारचा दोस्त अंधारात म्हणाला, "काऊन बे, आपला बाप कुठी गेला?" मागच्या रांगेतून कुणी तरी "शुऽऽ" केलं.

आता लीननं केला असता तर? तेव्हाही बाबासाहेब हयात नव्हते, ६ डिसेंबर १९५६ लाच गेले होते. ज्याला गाळायचं तो माणूस जाब विचारायला नव्हता. पण काँग्रेस अन् गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, हे पुस्तक त्यांनी १९४५ सालीच छापलं होतं. वाचायचं असतं तर अ‍ॅटनबरोनंही वाचलं असतं. म्हणून लीनचा नकार मला हळहळायला लावत नाही.

अ‍ॅटनबरोनं अंत्ययात्रेच्या प्रसंगासाठी तीन लाखांवर माणसं जमवली, त्याचं केवढं कौतुक! १४ ऑक्टोबर १९५६ ला आमच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसं आपल्या भाकरी बांधून आली होती. त्यांना कुणी रोजी दिली नव्हती.

बाबासाहेबांवरचा जब्बार पटेलांचा सिनेमा यायला २००० साल उजाडलं. मामुटींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तमिळ प्रेक्षकांना थिएटरात दिसायला आणखी दहा वर्षं गेली, २०१०.

त्यात गांधी आहेत. मोहन गोखल्यांनी केलेत. दोस्ताला मुद्दाम दाखवला. तो गांधींचा प्रसंग संपेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपण तं नाही गाळलं ना बे."